आवाज थोडा वाढवून दे

फाट्यावरच्या माझ्या दुकानात
जिनिंगची पहिली पाळी सुटली की गिऱ्हाईक येतं.
लटारी टेकाम आला तेव्हा त्याच्या भुवयांवर रुई होती,
मिशीत, कानाच्या पाळीवर, शर्टाच्या शिवणीत.
फोन काउंटरवर ठेवून ओरडलाच तो:
"बाई, याचा आवाज बसला. थोडसाक वाढवून दे."
मी समोरच उभी होते, हातभर अंतरावर.

बाजूचं बटन दाबलं. पट्टी आधीच टोकाला टेकलेली.
सेटिंगात गेले, साउंडमध्ये,
तिथं कुणीतरी मर्यादा लावून ठेवली होती, ती काढली.
फोननं विचारलं,
मोठ्या आवाजात फार वेळ ऐकलं तर कानाला इजा होईल, चालेल?
मी 'ठीक आहे' दाबलं.
बारा वर्षं जिनात उभ्या माणसाला
हे आजवर कुणी विचारलं नसेल,
आणि आज विचारलं, तेही मला.

मग हेडफोन पाहिला. जाळी गच्च.
टाचणीनं कोरलं तर आतून रुई निघाली,
दाबून बसलेली, सरकीएवढी गोळी.
"सापडला चोर," मी म्हटलं.
त्याला वाटलं पैसे सांगितले.
"किती?"

"आता पाहा," मी खुणेनं म्हटलं.
त्यानं दोन्ही कानांत बोंडं खोचली.
काउंटरच्या अल्याड मला भुणभुण येत होती.
त्यानं मान हलवली.
"आजून."
आजून नव्हतं.

म्हणून मी माझ्या कानाला लावलं,
वायर तुटली असेल म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं.
बाईचा आवाज.
खम्ममकडं मिरची तोडायला गेलेली त्याची बयना,
टिनाच्या एका शेडात चौदा जणी,
सगळ्या निजल्यावर पदराआड फोन धरून
बोलली होती, दोन मिनिटं अकरा सेकंद.
कुजबुज कितीही वाढवली
तरी मोठी कुजबुजच होते.

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं.
"तुले आयकू येते?"
मी मान हलवली.
"मंग सांग न. मोठ्यानं सांग."

दुकानात आणखी तिघं होते.
स्टँडवर गाड्यांच्या वेळा पुकारतात तसं मी सांगितलं:
गॅसचं पुस्तक तांदळाच्या डब्यात हाय!
काळी कोंबडी खुडूक बसली असन, तिच्याखाली अंडे ठेवजो!
हात लय भगभगते, खोबऱ्याचं तेल लावतो!
होळीले येनं होत नाही, पाडव्याले येतो!
रिचार्जला आलेला पोरगाही "हौ" म्हणून गेला.

एक वाक्य उरलं.
ते मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं
आणि हळू सांगितलं तर त्याला पोचणार नव्हतं.
बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलं, फाडून दिलं.
ओठ हलवत एकेक अक्षर लावलं त्यानं.
रुईखाली त्याचे कान लाल झाले.
मग पुन्हा, "किती?"
रुई काढायचे काय पैसे घेऊ.

तो बाहेर गेला, कापसाच्या ट्रकच्या आडोशाला,
आणि माइकचं बटन दाबून उत्तर बोलू लागला,
जिनात बोलतात तसं.
राजुऱ्याच्या गाडीतून कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं.
"पुस्तक पाहतो! अंडे ठेवतो! तू टायमावर जेव!"
मधेच थांबला, खिशातली चिठ्ठी काढून पाहिली,
आणि त्या ओळीचंही उत्तर दिलं,
तेवढ्याच आवाजात.

रात्री शेडात, सगळ्या निजल्यावर,
मिरचीनं पोळलेला बयनाचा अंगठा
बाजूच्या बटनावर असेल,
खालच्या.